टोपाचा पट्टा

अग्निशमन दलात लागल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एका ज्येष्ठ माणसाचा मोठा अपमान झाला. वर्दी आली होती. आगीचा किंवा अपघाताचा कॉल आला की आमच्याकडे 'वर्दी आली' म्हणतात. घंटा झाली, सगळ्यांबरोबर मीही धावत जाऊन गाडीत बसलो आणि बसल्या बसल्या सवयीने सीटबेल्ट शोधून लावला. खटकन आवाज झाला. पुढच्या सीटवरून ड्रायव्हरकाकांनी आरशात पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “काय रे, माझी भीती वाटते का?”

आमचे साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. शेजारच्या गड्याने न बोलता माझा बेल्ट सोडवला आणि सीटच्या मागे खोल खुपसून टाकला. डोंबिवलीत वाढलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या बापाच्या मुलाला एवढं कळायला वेळ लागला, की काकांच्या गाडीत पट्टा लावणं म्हणजे वाढलेलं जेवण कुत्र्याला हुंगायला देऊन मग खाणं.

आमचं स्टेशन नेमकं कुठलं ते सांगत नाही, साहेब अजून नोकरीत आहेत. कल्याणच्या बाजूचं आहे एवढं पुरे. काका आमच्याकडे येण्याआधी घाटातल्या एसट्या चालवायचे. “पोटातलं पाणी हलू देणार नाही,” असं ते म्हणायचे आणि खरोखर हलू द्यायचे नाहीत. बाजारातल्या गल्लीतून, एका बाजूला भाजीच्या गाड्या आणि दुसऱ्या बाजूला लग्नाचा मांडव, अशातून ते तो अवाढव्य बंब असा काढायचे की मांडवाची झालरसुद्धा हलायची नाही. अशा माणसाच्या मागे बसून पट्टा कोण लावणार?

शिवाय दुसरंही कारण होतं. आम्ही कपडे गाडीत घालायचो. घंटा झाली की जो जसा असेल तसा गाडीत चढणार, आणि गाडी पळत असताना उभं राहून गमबूट, जाड कोट, हेल्मेट चढवणार. त्या धांदलीत एकाचा हात दुसऱ्याच्या बाहीत जायचा. आमच्या गाडीचे पट्टे तर इतके कोरे होते की त्यांच्यावरचं कंपनीचं प्लास्टिकही कोणी काढलेलं नव्हतं. हायवेवर चेपलेल्या गाड्यांतून आम्ही माणसं काढायचो. त्यांना अॅम्ब्युलन्समध्ये घालून झालं की साहेब जमलेल्या लोकांना हमखास ऐकवायचे, “पट्टा लावा रे बाबांनो, पट्टा लावा.” मग आम्ही सगळे गाडीत चढून, पट्ट्यांवर बूड ठेवून, परत यायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

ज्याने माझा बेल्ट सोडवला तो माझा पुढे जिवाभावाचा दोस्त झाला. तो शहाडच्या पुढे, उल्हास नदीच्या काठच्या गावातला आगरी. घरची भातशेती बिल्डिंगांखाली गेलेली, त्यातल्या एका बिल्डिंगचं भाडं घरी येणारं, अंगणात दोन गाड्या उभ्या. तरी हा पठ्ठ्या फायरमन. त्याची आई कोणी पाहुणा आला की त्याच्यासमोर तक्रार मांडायची, “येवरी घरं हायती, भारा घरी येतंय, नं यो लोकांच्या आगीन जाऊन मरतंय.” आई एकटी, मुलगा एकुलता एक. ड्युटीवर निघताना ती त्याला कधी 'सांभाळून जा' म्हणायची नाही. म्हटलं की नेमकं काहीतरी होतं अशी तिची समजूत होती. त्याऐवजी ती डबा द्यायची, एवढा मोठा की आम्ही सगळे जेवून वर उरायचा.

त्या वर्षी गटारीला आमची ड्युटी आली. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणजे त्या दिवशी खाल्लं तर खाल्लं, नाहीतर महिनाभर भेंडी. आईने फोनवर जाहीर केलं, की अख्ख्या स्टेशनचं मटण मी करते, कोणीतरी येऊन टोप घेऊन जा.

साहेब म्हणाले, ड्युटीवर कोणी हलायचं नाही. पण देवालाच गटारीची काळजी असावी. सकाळी शहाडकडून वर्दी आली, म्हैस नाल्यात अडकली म्हणून. आम्ही म्हशीच्या पोटाखालून होज, म्हणजे पाण्याचा जाड पाइप, घालून तिला वर ओढली, तिने आमच्यावर शेपटीने चिखल उडवून आभार मानले, आणि परतीच्या वाटेवर दोस्त हळूच म्हणाला, “साहेब, इथून डावीकडे वळलं की आमचं घर.”

साहेबांनी रागाने त्याच्याकडे पाहिलं. नेमका त्याच वेळी वाऱ्याबरोबर कुठून तरी मसाल्याचा वास आला. तो त्याच्याच घरचा होता असं नाही, त्या दिवशी सगळ्या गावाला तोच वास होता. पण साहेब विरघळले. “दोन मिनिटं,” म्हणाले.

टोप म्हणजे केवढा! दोघांनी धरून उचलावा लागला. वर ताट झाकलेलं, त्यावर फडकं बांधलेलं, आणि बाजूला तांदळाच्या भाकऱ्यांचं गाठोडं. आई स्वतः बंबापर्यंत आली, तिने टायरपासून शिडीपर्यंत गाडी बघून घेतली आणि थेट काकांसमोर उभी राहिली.

“डायवरदादा, टोप भरलेला हाय. रस्सा सांडंल.”

आता काका पक्के शाकाहारी. कांदासुद्धा गुरुवारी खायचे नाहीत. पण प्रश्न त्यांच्या गाडीवरच्या हाताचा होता. ते म्हणाले, “ताई, पोटातलं पाणी हलत नाही माझ्या गाडीत. टोप आणि पोरगा, दोन्ही धड आणून देतो.”

“दोन्ही?” तिने विचारलं.

“दोन्ही,” काकांनी शब्द दिला.

टोप ठेवायचा कुठे? खाली होज, दोऱ्या, म्हशीचा चिखल. शेवटी दोस्ताने स्वतःची खिडकीजवळची सीट टोपाला दिली. आईच्या डोळ्यांसमोर त्याने सीटच्या मागे हात घालून पट्टे बाहेर ओढले, त्यांचं प्लास्टिक दातांनी फाडलं आणि एक आपला, एक शेजारचा, असे दोन पट्टे टोपाभोवती आवळले. खटक, खटक. काकांनी आरशात पाहिलं, पण मटणाशी काय वाद घालणार! आई समाधानाने मागे झाली. आमच्या गाडीत पट्टा लावून प्रवास करणारा पहिला इसम म्हणजे तो टोप.

आम्ही कल्याणात शिरतोय तोच वायरलेसवर वर्दी आली. डोंबिवलीकडे भंगाराच्या गोदामाला आग, जी गाडी रस्त्यावर असेल तिने तसंच निघावं. रस्त्यावर आम्हीच होतो. टोप उतरवायला वेळ कुठला? काकांनी सायरन लावला. मागे आम्ही नेहमीप्रमाणे उभे राहिलो आणि कोट चढवायला लागलो. दोस्ताला बसायला सीटच नव्हती, तो पुढच्या आणि मागच्या सीटमधल्या जागेत उभा, एक हात कोटाच्या बाहीत, दुसरा हवेत.

पत्रीपूल ओलांडल्यावर पुढे एक रिक्षा चालली होती. रिक्षावाल्याने डावा पाय बाहेर काढला आणि उजवीकडे वळला. आमच्या भागात ही इंडिकेटरची मान्यताप्राप्त पद्धत आहे. पाऊस पडून गेलेला, रस्ता ओला. काकांनी ब्रेक मारला. खरं सांगतो, तसा ब्रेक दुसऱ्या कोणाला जमला नसता. एवढं पाणी भरलेली गाडी रिक्षापासून हातभर अंतरावर थांबली. रिक्षात एक बाई आणि शाळेतली दोन मुलं होती. त्यांना धक्कासुद्धा लागला नाही.

आम्हाला मात्र लागला. साहेबांचं कपाळ काचेवर आपटलं. माझी हनुवटी पुढच्या सीटच्या दांडीवर बसली आणि तोंडात रक्ताची चव आली. दोस्त, एक हात बाहीत अडकलेला, धरायला काही नाही, तो उडून थेट पुढे गेला आणि खांद्यावर पडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पुन्हा ऐकायची इच्छा नाही.

काका वळून बघत होते. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. आणि खिडकीजवळच्या सीटवर टोप जसाच्या तसा बसला होता. फडक्यावर रश्श्याचा डागसुद्धा नाही.

आग विझवायला दुसऱ्या दोन गाड्या आल्या, आम्हीही विझवली. दोस्ताला त्याआधीच अॅम्ब्युलन्सने हॉस्पिटलात नेलं होतं. संध्याकाळी सगळे त्याच्याभोवती जमलो तेव्हा टोपही तिथेच आला होता, कारण तो फेकणार कोण? गटारीचं मटण, आईच्या हातचं. खोटं कशाला बोलू, आम्ही खाल्लं. दोस्ताचा उजवा हात छातीशी बांधलेला, डाव्या हाताने भाकरी तुटेना. तेव्हा काका पुढे झाले. ज्या माणसाने जन्मात अंड्याला हात लावला नव्हता, तो नाक थोडं बाजूला वळवून, भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवून, त्यात मटणाचा तुकडा धरून त्याला भरवत होता. आम्ही हसायला हवं होतं. कोणालाच हसू आलं नाही.

टोप परत करायला ड्युटी सुटताच काका स्वतः निघाले. मला बरोबर घेतलं, एकट्याने जायची छाती होत नव्हती. त्यांनी टोप चिंचेने घासून असा लख्ख केला होता की त्यात तोंड दिसावं. आईला मुलाने फोन करून 'थोडं खरचटलंय' एवढंच सांगितलं होतं, पण गावात बातमी आधीच पोचली होती. आई ओटीवर बसली होती. तिने टोप हातात घेतला, गोल फिरवून चारही बाजूंनी बघितला, बुडावर बोटं वाजवली. कुठे चेपलेला नव्हता. मग तिने काकांकडे पाहिलं.

“टोप धर हाय,” ती म्हणाली. “टोपाला दोन-दोन पट्टं बांदलं नं माज्या पोराला मोकला सोरलास?”

काका मान खाली घालून उभे.

“मटन सांडलं असतं त दुसरा बोकर कापला असता. दुसरा पोर्‍या कुठशी आनू?”

तिच्या बोलीत अहो-जाहो नसतंच, सगळ्यांना एकच माप. पण त्या दिवशी ते 'सोरलास' काकांना फार लागलं. मी मध्ये पडून म्हणालो, “आई, काकांची काय चूक, रिक्षावालाच…”

“तू गप,” ती म्हणाली. “आधी चा प्या.” आणि आत जाता जाता वळून, “आता हा टोप माज्या घरातना परत तुमच्या गारीत नाय जानार.”

अशा रीतीने आमच्या स्टेशनचं मटण बंद झालं.

पुढच्या ड्युटीला घंटा झाली, आम्ही पळत येऊन गाडीत चढलो, इंजिन सुरू झालं, आणि गाडी हलेचना. साहेब ओरडले, “काका, निघा!” काका समोर बघत शांत बसलेले.

“टोप बांधा,” ते म्हणाले.

“कुठला टोप?”

“जेवढे आहेत तेवढे.”

आधी आम्हाला कळेना. मग कळलं आणि मागे एकच शोधाशोध सुरू झाली. सीटच्या फटीत हात घालून पट्टे बाहेर ओढले, त्यांच्याबरोबर एक कंगवा, कोणाची तरी हरवलेली किल्ली आणि पालीची दोन अंडी बाहेर आली. साहेबांनी कधी नव्हे तो पट्टा हातात घेतला आणि तो कुठे अडकवायचा ते मला विचारलं. सगळ्यांचं खटक-खटक झाल्यावरच गाडी हलली. त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा कचऱ्याची आग कचरावाल्यांनीच विझवली होती, आणि त्यांनी आम्हाला उशिराबद्दल चार शब्द सुनावले.

मग साहेबांनी कपडे गाडीत घालणं बंद केलं. कोट आणि गमबूट आधी जमिनीवर चढवायचे, मग गाडीत बसायचं. सवयीने जमलं, आणि नंतर लक्षात आलं की असंच लवकर होतं, कारण स्थिर जमिनीवर आपला हात आपल्याच बाहीत जातो. माझ्यावर मात्र एक प्रसंग ओढवलाच. एका सोसायटीत कोणीतरी कुकर गॅसवर ठेवून दार लावून बसलं होतं, किल्ली आत. गाडी थांबताच मी रुबाबात दार उघडून उडी मारली आणि पट्टा सोडायचा राहिला. अर्धा बाहेर, अर्धा आत, एक गमबूट हवेत, असा मी बंबाला लटकत राहिलो. खाली सगळी सोसायटी मोबाईल घेऊन उभी. संध्याकाळी माझ्या आईचा फोन आला, “अरे, आमच्या भिशीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आलाय. हा तू आहेस का रे?” मी नाही म्हणालो. “मग बूट तरी तुझेच आहेत,” ती म्हणाली.

या सगळ्या काळात दोस्त घरी होता. हाडांचे डॉक्टर ठाण्यात. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, हात सरळ डोक्याच्या वर गेला तर शिडी चढता येईल, नाही गेला तर ऑफिसात बसून फोन घ्यायचे. त्याला ते मरणासारखं वाटायचं. आईला मात्र ते देवाने ऐकल्यासारखं वाटत असावं, पण तिने तसं कधी म्हटलं नाही. उलट तीच रोज खांद्याला तेल लावायची.

काका आपल्या सुट्टीच्या दिवशी त्याला घेऊन ठाण्याला जायचे, बसने. दोस्त सांगायचा, काका खिडकीत बसतच नाहीत, मधल्या वाटेच्या बाजूला बसतात, त्याचा धड हात आपल्या हातात घट्ट धरून ठेवतात आणि पूर्ण रस्ताभर बसच्या ड्रायव्हरला मागून सूचना देतात. एकदा त्या ड्रायव्हरने गाडी थांबवून विचारलं, “आजोबा, तुम्ही चालवता का?” काका म्हणाले, “पोराला पट्टा नाहीये, म्हणून सांगतोय.” सगळी बस हसली. हे सांगताना दोस्तही हसला. मग म्हणाला, “पन हात सोरला नाय त्यांनी.”

पावसाळा गेला, थंडी गेली. एक दिवस दोस्त स्टेशनात आला, अंगणात आमची शिडी उभी होती तिच्याखाली थांबला आणि काही न बोलता दोन्ही हात वर केले. डावा गेला. उजवा गेला, थोडा कचरत, पण सरळ गेला. आम्ही असा आरडाओरडा केला की शेजारच्या बिल्डिंगमधले लोक, वर्दी आली की काय म्हणून, खिडकीत आले. काका तिथे नव्हते. ते गाडीच्या पलीकडे जाऊन टायरमधली हवा बघत होते. सगळ्या टायरांची, परत परत.

पुढची गटारी आली. योग असा की ड्युटी आमचीच. सकाळी दोस्ताचा फोन वाजला. तो ऐकत राहिला, आणि मग त्याने फोन काकांच्या हातात दिला. “आई. तुमच्याशी बोलायचंय म्हनते.”

काका उभे राहिले. फोनवर बोलतानाही. बराच वेळ त्यांनी नुसतं ऐकलं. शेवटी “हो” म्हणाले आणि फोन परत दिला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

“टोप तयार आहे म्हणाली.”

दुपारी एका वर्दीवरून परतताना काकांनी कोणाला न विचारता गाडी डावीकडे वळवली. साहेबांनी घड्याळाकडे बघायचं नाटक केलं. आई बंबापाशी आली. या वेळी तिने टायर बघितले नाहीत, शिडी बघितली नाही. मागचं दार उघडायला लावून तिने आत डोकं घातलं आणि आमच्या प्रत्येकाच्या छातीवरचा पट्टा बघितला. मुलाचा पट्टा तर ओढूनच बघितला. मग टोप वर चढवायला सांगितला.

सीट एकही रिकामी नव्हती. टोप खाली ठेवला, होजच्या वेटोळ्यात बसवून, माझ्या आणि दोस्ताच्या पायांमध्ये. आई काकांच्या खिडकीशी गेली. काकांनी या वेळी शब्द वगैरे काही दिला नाही, तिनेही मागितला नाही. नुसती मान हलवली दोघांनी.

कल्याणच्या अलीकडे एक कुत्रं आडवं आलं. वर्दी नव्हती, वेग फार नव्हता, पण काकांनी ब्रेक मारला तो जोरातच. पट्टा छातीत रुतला, श्वास अडकला, आम्ही सगळे पुढे गेलो आणि परत आपापल्या जागी येऊन बसलो. टोप मात्र वेटोळ्यात कलंडला, ताट सरकलं आणि गरम रस्सा माझ्या आणि दोस्ताच्या गमबुटांवर ओतला गेला.

कुत्रं शेपूट हलवत निघून गेलं. गाडी उभीच होती. काकांनी आरशात बघितलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ.

“काय पडलं?” त्यांनी विचारलं.

“नुसता रस्सा, काका,” दोस्त म्हणाला.

काकांनी गिअर टाकला.

“सांग तुझ्या आईला,” आमचे पक्के शाकाहारी काका म्हणाले, “दुसरा बोकड बघा म्हणावं.”